गादी, ताट आणि काटा

दिवाळीतील वहीपूजन आटोपून बाजार पुन्हा सुरू झाला, त्या आठवड्यात एका घाऊक धान्यव्यापाऱ्याच्या वखारीत नवा इलेक्ट्रॉनिक काटा बसवण्यात आला. काटा बरोबर चालतो हे दाखवण्यासाठी कारागीर सहज म्हणाला, "शेठ, आपणच उभे राहा." शेठ उभे राहिले. आकडा आला ८४ किलो. पाठोपाठ वखारीतील जुना हमाल उभा राहिला. आकडा आला ५८. दोघांचे वय सारखे, उंचीही जवळपास सारखीच. हमाल हसत म्हणाला, "शेठ, अर्ध्या पोत्याचा फरक आला की!" सगळे हसले. शेठही हसले.

संध्याकाळी दुकान वाढवताना मात्र त्यांची नजर गादीमागच्या तसबिरीवर थांबली. वडील याच गादीवर हिशेब लिहिता लिहिता, वयाच्या ५२व्या वर्षी हृदयविकाराने गेले होते. शेठना नुकतीच ४९ वर्षे पूर्ण झाली होती.

ही गोष्ट कोणत्याही पेठेतील, कोणत्याही गादीवरची असू शकते. घरात कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, मद्य-मांसाचा तर प्रश्नच नाही. हॉटेलात जाणे क्वचित, पर्युषणात उपवास. इतका सात्त्विक आहार असताना वजन वाढतेच कसे, असा प्रश्न अशा घरांतून प्रामाणिकपणे विचारला जातो. त्याचे उत्तर सरळ आहे. आहाराची शुद्धता ही एक गोष्ट आणि आहाराचे प्रमाण ही दुसरी. पहिली सांभाळली म्हणून दुसरी आपोआप सांभाळली जात नाही. शुद्ध तुपाचीही नोंद शरीराच्या खातेवहीत होतेच.

बसून व्यवसाय करणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण का चुकते, याचा एक बोलका पुरावा भारतातच मिळालेला आहे. पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीत आहारशास्त्रज्ञ जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २१३ जणांचा आहार, वजन आणि कामाचे स्वरूप तपासले. तो अभ्यास १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ओझी वाहणारे होते, विणकर होते, कारकून होते आणि गिरणीच्या बाजारात दिवसभर बसून विक्री करणारे दुकानदारही होते. हलक्या कामापासून अतिकष्टाच्या कामापर्यंत जाताना लोकांचा आहार कामाच्या मानाने वाढत गेलेला दिसला, वजन मात्र फारसे बदलले नाही. शरीराने जमा आणि खर्च यांचा मेळ बरोबर राखला होता. पण जे दिवसभर बसून होते, त्यांच्यापाशी हा मेळ तुटला. काम सर्वांत कमी, तरी आहार कमी झालेला नव्हता. तो कष्टकऱ्यांच्या आहाराच्या जवळ जाणारा होता. सर्वाधिक वजनही त्यांचेच होते.

याचा अर्थ असा की चालत्याफिरत्या शरीराची भूक बऱ्याच अंशी खरे सांगते, बसलेल्या शरीराची सांगत नाही. "भूक लागते म्हणून खातो" हे वाक्य हमालाच्या तोंडी शोभते. गादीवरच्या माणसाने त्या भुकेचा हिशेब एकदा पडताळून पाहावा हे बरे.

जुन्या पिढीचे ताट काही हलके नव्हते. तूप, पोळी, बाटी, लाडू तेव्हाही होते. पण तेव्हाचा व्यापारी फळ्या स्वतः काढीत असे, तराजू स्वतः धरीत असे, उधारी वसूल करण्यासाठी गावोगाव पायी किंवा सायकलने फिरत असे. आज शटरला मोटर आहे, उधारीला फोन आहे, दारात गाडी आहे. अंगमेहनत एकेक करून निघून गेली. ताट मात्र तेवढेच राहिले, किंबहुना त्यात फरसाणाची भर पडली.

वजन फारसे नाही, म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. भारतीय शरीर बाहेरून सडपातळ दिसले तरी आत चरबी साठवते आणि स्नायू कमी राखते, ही गोष्ट त्या दोन आकड्यांनी जगापुढे आली. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ झाला की सावध व्हावे आणि २५ झाला की लठ्ठपणा समजावा, असे तज्ज्ञ सांगतात. त्याहून सोपे माप शिंप्याच्या टेपचे. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

शेठचा घेर १०४ भरला. रक्तातील साखर सीमारेषेवर होती. घरच्या जुन्या डॉक्टरांनी त्यांच्या हाती कोणताही आहारतक्ता दिला नाही. तक्ते त्यांनी पूर्वीही आणले होते. कुणी मध-लिंबू सांगितले होते, कुणी अंडी, कुणी कांद्याचे सूप. ज्या घरात यातील एकही वस्तू चालत नाही, त्या घरात असा तक्ता तिसऱ्या दिवशी केराच्या टोपलीत जातो. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "शेठ, रोजमेळ लिहिता ना? मग सात दिवस तोंडात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचाही लिहा."

सात दिवसांनी तो रोजमेळ पाहून शेठ स्वतःच चकित झाले. दोन वेळचे जेवण हे मोठे खर्चाचे खाते नव्हतेच. गळती किरकोळ नोंदींत होती.

पहिली नोंद चहाची. प्रत्येक ग्राहकासोबत अर्धा कप म्हणत दिवसाचे सहा कप होत आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर दिवसाला ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. निम्मी ठेवल्यास अधिक चांगले. मिठाईचा तुकडाही न खाता ती मर्यादा रोज ओलांडली जात होती. शेठनी सहाचे तीन कप केले आणि दोनाचा एक चमचा. रोजची ४५ ग्रॅम साखर वाचली. वर्षाचा हिशेब केला तर ती १६ किलोंहून अधिक होते. व्यापाऱ्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी नोंद फरसाणाची. गल्ल्याजवळ ठेवलेल्या बरणीतील शेव, गाठिया, तळलेली डाळ. १०० ग्रॅम शेवेत साधारण ५०० ते ५५० कॅलरी असतात, कारण तिच्या वजनाचा मोठा भाग तेलाचाच असतो. शेठनी बरणी फेकली नाही, फक्त ती गल्ल्याजवळून उचलून आतल्या खोलीतील वरच्या फळीवर ठेवली. ग्राहकासाठी ती येई. स्वतःच्या हाताला मात्र सहज लागेनाशी झाली. त्या जागी भाजलेले चणे आणि ऋतूतील एक फळ आले. येथे खाकऱ्याविषयीही सांगितले पाहिजे. खाकरा तळलेला नसतो हे खरे, पण कणीक ती कणीकच. हलका आहे म्हणून एका बैठकीत पाच खाकरे तूप लावून खाल्ले, तर तो हलका राहत नाही.

तिसरी नोंद तेलाची, आणि ती स्वयंपाकघरात शोधावी लागली. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारमार्गदर्शनात २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम एवढे प्रमाण दिले आहे. पाच मोठ्या माणसांच्या घरात १५ किलोंचा डबा या मापाने सुमारे १११ दिवस पुरायला हवा. शेठच्या पत्नीने नव्या डब्यावर खडूने तारीख लिहिली. डबा ५० दिवसांत संपला, आणि तुपाची बरणी त्यात धरलेलीच नव्हती. एक ग्रॅम पिठातून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. म्हणून फोडणीतील एक पळी कमी करणे हे एक पोळी कमी करण्यापेक्षा पुष्कळदा सोपे आणि अधिक फलदायी ठरते. पळीच्या जागी चमचा आला, तळण आठवड्यातून एकदाच ठरले, पापड विस्तवावर भाजला जाऊ लागला. पुढचा डबा ८० दिवस पुरला. आदर्श अजून दूर होता, पण दिशा बरोबर होती.

त्याच मार्गदर्शनात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी सांगितल्या आहेत. व्यापारी घरांतील ताट बहुधा याच्या उलटे असते. पोळी-भात पुष्कळ, भाजी वाटीभर, डाळ पातळ. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असली की गट्टे, शेवेची भाजी, पापडाची भाजी असे बेसन आणि तळण वाढते. कोणताही नियम न मोडता यात सुधारणा करता येते. तिथीला दाट वरण, अख्खे मूग किंवा मटकीची उसळ, सोबत ज्वारीची भाकरी. इतर दिवशी दुधी, दोडका, पडवळ, तोंडली, भेंडी, ढोबळी मिरची यांपैकी जे घरात चालते त्याची वाटी नव्हे, वाडगा. आधी भाजी आणि डाळ, मग पोळी, हा क्रम ठेवला की तिसऱ्या पोळीची आठवण पुष्कळदा होतही नाही.

या साऱ्यात एका व्यक्तीचा हिशेब नेहमी मागे राहतो. ती म्हणजे सर्वांना वाढून शेवटी जेवणारी गृहिणी. अन्न टाकणे हा दोष, म्हणून उरलेली अर्धी पोळी, मुलाच्या ताटातील भात, पातेल्याच्या तळाची भाजी ती संपवते. शेठच्या पत्नीचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते. एके दिवशी तीच म्हणाली, "अहो, ताट धुऊन पिण्याचा नियम आपण पाळतो. पण ताटात किती वाढून घ्यायचे, याचा नियम कुठे ठेवला आहे?"

तो नियम परंपरेत होताच. बाह्य तपांत पहिले अनशन आणि लगेच दुसरे ऊनोदरी. पोट थोडे रिते ठेवून उठणे, हा तिचा साधा अर्थ. शास्त्रकारांनी पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास धरून त्याहून कमी घेण्याला ऊनोदरी म्हटले. तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे, कंबरेचा घेर नव्हे, हे विसरता कामा नये. पण उपवासाला जो मान मिळतो तो ऊनोदरीला मिळत नाही, हेही खरे. अठ्ठाई करणाऱ्याचा वरघोडा निघतो. दोन घास कमी खाऊन उठणाऱ्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. शेठनी मागच्या पर्युषणात अठ्ठाई केली होती. वजन चार किलोंनी उतरले आणि दिवाळीपर्यंत परतही आले. त्यात नवल नाही. उपवासाच्या पहिल्या दिवसांत उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वर्षातील ८ दिवस उरलेल्या ३५७ दिवसांची बाकी फेडू शकत नाहीत. अठ्ठाई आत्म्यासाठी जरूर करावी. वजनासाठी मात्र रोजच्या दोन घासांची ऊनोदरी हवी.

यात सर्वांत मोठा अडथळा भुकेचा नव्हता, आग्रहाचा होता. शेठच्या मातोश्री आता ७४ वर्षांच्या. नातलग आले की लाडूचे ताट त्यांच्याच हातात. मुलाने 'नको' म्हटले की त्यांचा चेहरा उतरे. एके रात्री शेठनी त्यांना काट्यावरचे दोन्ही आकडे सांगितले. तसबिरीचा उल्लेखही केला नाही. मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "त्यांनाही मीच वाढायचे रे." दुसऱ्या दिवसापासून त्या घरात लाडू निम्म्या आकाराचे वळले जाऊ लागले. आग्रह राहिला, त्याचे माप बदलले.

वेळेच्या बाबतीत चौविहार पाळणाऱ्या घरांना आधीच एक लाभ आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपल्याने रात्री दहाला दुकान वाढवून जड जेवण आणि लगेच झोप, हा क्रम टळतो. मात्र दुकानात डबा यायला उशीर होतो म्हणून पाचच्या सुमारास फरसाण आणि मग घाईघाईने पूर्ण जेवण, असे दोन्ही झाले तर तो लाभ बुडतो. डब्याची वेळ ठरवून घेणे एवढेच करायचे असते. ज्यांना चौविहार शक्य नाही, त्यांनी रात्रीचे जेवण निदान लवकर आणि हलके ठेवावे.

आता व्यायाम. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणाऱ्या हालचाली कराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस झपाझप चालले की पहिली अट पूर्ण होते. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग असावा. येथे एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. अर्ध्या तासाच्या चालण्याने शेठसारख्या माणसाच्या जेमतेम १२५ ते १५० कॅलरी खर्च होतात. मूठभर शेव पाच मिनिटांत त्या परत आणते. वजन मुख्यतः ताटातून उतरते. व्यायाम ते उतरलेले वजन टिकवतो, स्नायू राखतो, रक्तातील साखर आणि रक्तदाब सांभाळतो. दोन्ही मिळून एक व्यवहार पूर्ण होतो.

शेठनी व्यायामशाळेचे नाव घातले नाही. दुकान अर्धा तास चालण्याच्या अंतरावर होते. सकाळी गाडी घरी राहू लागली. महिन्यातून काही दिवस ते पहाटे साधू-साध्वींच्या विहारात सोबत चालणाऱ्या तरुणांबरोबर जाऊ लागले. दर तासाला गादीवरून उठून वखारीत एक फेरी ठरली. सकाळ-संध्याकाळ दहा वेळा हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, जिने पायी, हा स्नायूंचा व्यायाम झाला. जेवणानंतरची शतपावली खरोखरच उपयोगी आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने रक्तातील साखरेची उसळी कमी होते. चौविहारानंतर पाणी घ्यायचे नसते, म्हणून संध्याकाळचे चालणे सौम्यच असावे आणि घाम काढणारा व्यायाम सकाळी करावा. नवकारशी पाळणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाणी घेतल्यानंतरच तो करणे हिताचे.

काही सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये अथवा उपवास धरू नये. साखर एकाएकी खाली जाणे घातक ठरते. छातीत दुखणे, चालताना दम लागणे अशी लक्षणे असतील तर आधी तपासणी, मग व्यायाम. गर्भवती, स्तनदा माता, वाढती मुले आणि मुळातच कृश असलेले वृद्ध यांनी आहार घटवू नये. वजन कमी करण्याच्या भरात दूध-दही सोडू नये. शाकाहारी माणसाला बी-१२ हे जीवनसत्त्व मुख्यतः तेथूनच मिळते आणि ते कमी असण्याची शक्यता असतेच, म्हणून त्याचीही तपासणी करून घ्यावी.

पहिल्या महिन्यात शेठचे वजन दीड किलो उतरले, दुसऱ्या महिन्यात काहीच नाही. लग्नसराईत एक किलो परत चढले. रोजमेळ मात्र त्यांनी सोडला नाही. मंदी आली म्हणून कुणी वही लिहिणे थांबवत नाही. अकरा महिन्यांनी वजन ७६ वर आले, घेर ९६ वर. वजन पाच ते दहा टक्के उतरले तरी रक्तदाब आणि साखर यांत फरक पडतो. शेठची साखर सीमारेषेच्या अलीकडे आली. पत्नीचे वजन पाच किलोंनी कमी झाले आणि मंदिराच्या पायऱ्या ती कठड्याला न धरता चढू लागली.

पुढच्या दिवाळीनंतर शेठ पुन्हा काट्यावर उभे राहिले. हमालाने आकडा वाचला आणि मान हलवली, "बाकी आहे अजून, शेठ." शेठ म्हणाले, "आहे. पण हप्ते चालू आहेत."

त्या वर्षी त्यांचा मुलगा शिक्षण संपवून दुकानात आला. बावीस वर्षांचा. पहिल्या दिवशी तो गादीवर बसू लागला, तेव्हा शेठनी त्याला थांबवले. शटरची मोटर त्यांनी महिन्यापूर्वीच काढून टाकली होती. ते म्हणाले, "आधी शटर हाताने वर कर. मग वखारीत एक फेरी मारून ये. गादी कुठे जात नाही." मुलगा गेला. शेठनी तसबिरीला हार घातला आणि त्या दिवसाची पहिली नोंद लिहिली. चहा, एक कप. साखर, एक चमचा.